हरगिलाचं डोहाळजेवण

२००७ साल. प्राणिशास्त्राच्या अभ्यासक पूर्णिमा देवी बर्मन पीएच.डी.साठी हरगिला या पक्ष्यावर काम करत होत्या. आसामच्या कामरूप जिल्ह्यातल्या दादरा गावात त्या पोचल्या, तेव्हा एका घरच्या मालकाने आपल्याच आवारातलं मोठं झाड तोडलं होतं. झाडावर हरगिलाची घरटी होती. घरट्यांबरोबर पिल्लंही खाली आली. बर्मन यांनी जाब विचारला, तर गाव गोळा झालं. लोकांनी त्यांनाच घेरलं, शिट्ट्या मारल्या. घरी त्यांच्या जुळ्या मुली होत्या, अजून लहान. जमिनीवर पडलेली ती पिल्लं बघून त्यांना आपल्या मुली आठवल्या, असं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे.

पुढची सगळी गोष्ट या एका प्रसंगातून निघाली. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की शिट्ट्या मारणाऱ्या गावाला त्यांनी शत्रू मानलं नाही. त्या लोकांचं म्हणणं काय आहे, इथून त्यांनी सुरुवात केली.

पक्षी कसा आहे

हरगिला म्हणजे करकोच्यांच्या कुळातला एक अवाढव्य पक्षी. उभा राहिला की पाच फुटांच्या जवळपास जातो, आणि पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ फूट भरतात. डोकं आणि मान उघडी, त्यावर तुरळक केस. चोच जाडजूड, पाचरीसारखी. गळ्याखाली नारिंगी रंगाची पिशवी लोंबते. तिच्यात तो खाणं साठवतो असं बघणाऱ्याला वाटतं, पण ती हवेची पिशवी आहे, अन्नाशी तिचा संबंध नाही. पाय मुळात गडद, पण स्वतःच्याच विष्ठेने पांढरट झालेले, कारण उन्हात अंग थंड ठेवायला हा पक्षी पायांवर शिटतो. खातो काय? मासे, बेडूक, उंदीर, साप, आणि मेलेली जनावरं. नावाचा अर्थ मराठी माणसाला शब्दकोश न उघडताच कळेल. हाड गिळतो तो हरगिला.

असा पक्षी कोणाला आवडावा? कॅलेंडरवर त्याचा फोटो येत नाही, मुलांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर येत नाही. गावात त्याच्याकडे घाणेरडा आणि अपशकुनी म्हणूनच बघितलं जायचं.

तरी एक काळ असा होता, की हाच पक्षी कलकत्त्याच्या गच्च्यांवर आणि कमानींवर शेकड्याने बसायचा. एकोणिसाव्या शतकातल्या त्या शहरात घाण उचलायची व्यवस्था तोकडी होती आणि हरगिला ते काम फुकट करायचा. त्याला मारणाऱ्याला दंड होता. त्याच्या लष्करी ऐटीच्या चालीमुळे इंग्रजांनी त्याला फौजेतल्या ‘अ‍ॅडज्युटंट’ या हुद्द्याचं नाव दिलं. कलकत्ता महापालिकेच्या जुन्या बोधचिन्हावर तर चोचीत साप धरलेले दोन हरगिला होते. शहर बदललं, पाणथळ जागा बुजल्या, आणि पक्षी तिथून नाहीसा झाला. ब्रह्मदेशातल्या त्याच्या प्रचंड वसाहतीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संपल्या. बर्मन यांनी काम सुरू केलं त्या सुमारास जगात हजार-बाराशे पक्षीच उरले असावेत असा अंदाज होता. त्यांची वीण आसाम, बिहार आणि कंबोडियातल्या मोजक्या जागांपुरती राहिली होती.

अडचण नेमकी कुठे होती

वाघ जंगलात राहतो आणि जंगल सरकारचं असतं. हरगिलाचं तसं नाही. तो घरटं करतो गावात, माणसांच्या घरामागे, कदंब किंवा सावरीसारख्या उंच झाडावर. झाड खाजगी, जमीन खाजगी. एका झाडावर एकच जोडी येते असंही नाही, कितीतरी घरटी एकत्र असतात. पावसाळा संपता संपता पक्षी येतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांचा मुक्काम.

आता त्या झाडाखालच्या घरात राहून बघा. रोज सकाळी अंगणात पांढरे सडे. सुपारीच्या पानांवर, भाजीच्या वाफ्यावर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर तेच. पिल्लांना भरवताना आईबाप मासे उलटून काढतात, त्यातले निम्मे खाली येतात. माशांची डोकी, हाडं, कुजलेलं मांस. त्याचा वास दिवसभर घरात. पाहुणे यायला कचरतात. आणि ते झाड तोडलं तर लाकडाचे पैसे हातात येतात.

कायदा पक्ष्याला संरक्षण देतो. पण आपल्या परसातलं झाड पाडायला निघालेल्या माणसाला कोण अडवणार, कितीदा अडवणार? आणि अडवलं तरी पुढच्या वर्षी पक्षी येण्याआधीच तो झाड उतरवून टाकेल.

माझ्या आजोळी विहिरीजवळ मोठी चिंच होती. तिच्यावर वटवाघळं लटकायची. आम्हा मुलांना तिन्हीसांजेला त्यांचा थवा उठताना बघायची मोठी हौस. आजीला मात्र ते झाड नकोसं झालेलं. सकाळी उठून उष्ट्या फळांचा चोथा आणि काळे डाग खरवडून काढायचे, वर सडा घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘तुम्हाला बघायला बरं वाटतं, झाडायला मी आहे,’ असं ती म्हणायची. एका मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा चिंच नव्हती. दादराबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीचा खराटा आठवला. पक्ष्याबद्दलची किळस ज्याला आपण ‘लोकांचं अज्ञान’ म्हणतो, ती बऱ्याचदा रोजच्या कामाची किळस असते. आणि ते काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतं.

मग काय केलं

बर्मन यांनी पीएच.डी. बाजूला ठेवली. ती पुढे २०१९ मध्ये पूर्ण झाली. त्यांना उमगलं की शेवटचे काही पक्षी मोजून प्रबंध लिहिला, तरी प्रबंध हातात येईतो मोजायला पक्षी उरणार नाहीत. ‘आरण्यक’ या गुवाहाटीच्या संस्थेसोबत त्यांनी दादरा, पचरिया आणि सिंगिमारी या जवळजवळच्या गावांत ठाण मांडलं.

पहिला बदल त्यांनी केला तो झाडमालकांच्या बाबतीत. ज्याच्या आवारात घरटं आहे, त्याचा गावासमोर सत्कार करायचा, गळ्यात गामोसा घालायचा. लाल काठाचं हे पांढरं हातमागाचं वस्त्र आसामी माणसाच्या मानाचं प्रतीक. आपल्याकडच्या शाल-श्रीफळाचा मान त्या एका वस्त्रात असतो. कालपर्यंत ज्या घराला घाणीचं घर म्हणत, ते आता सभेत पुढच्या रांगेत बसू लागलं.

इथे मी थोडं थांबतो, कारण इथे वेगळा रस्ता सहज धरता आला असता. घरट्यामागे ठरावीक रक्कम द्यायची. सरकारी योजना बहुधा तशाच बनतात. पण पैसे सुरू झाले की घरटं भाड्याचं होतं. पैसे थकले की झाड पडतं. शिवाय शेजाऱ्याला का आणि मला का नाही, हे भांडण आलंच. मान वाटण्यात असा हिशोब लागत नाही, आणि एकदा चारचौघांत ‘पक्ष्यांचा राखणदार’ म्हणून नाव झालं की ते झाड तोडणं माणसाला स्वतःलाच जड जातं. नुकसानभरपाई वाईट असं मी म्हणत नाही. छप्पर फुटलं तर दुरुस्तीचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण दादरात नातं आधी जुळलं, आणि तो क्रम मला बरोबर वाटतो.

दुसरा बदल बायकांमधून आला. खराटा त्यांच्या हातात होता, म्हणून बोलणंही त्यांच्याशीच व्हायला हवं होतं. पण पक्ष्यांवर व्याख्यान आहे म्हटलं तर कोण येणार? बर्मन यांनी रांधण्याच्या स्पर्धा ठेवल्या, पिठे म्हणजे तांदळाच्या पिठाचे आसामी पदार्थ करायला बोलावलं, नामकीर्तनाला बसल्या. त्या बोलण्यातून पक्ष्याचा विषय आपसूक निघायचा. आसामात गरोदर बाईसाठी पंचामृताचा विधी करतात, म्हणजे आपल्याकडचं डोहाळजेवणच. वीण सुरू होण्याच्या दिवसांत गावच्या बायकांनी तो विधी हरगिलासाठी करायला सुरुवात केली. झाडाखाली जमायचं, गाणी म्हणायची, वर बसलेल्या माद्यांसाठी आशीर्वाद मागायचा.

नुसती गंमत म्हणून याकडे बघू नये. डोहाळजेवण आपण कोणाचं करतो? लेकीचं, सुनेचं, घरातल्या बाईचं. ज्या पक्षिणीचं ते केलं ती लेकच झाली. तिच्या पिल्लाने अंगणात घाण केली तरी लेकराने केलेली घाण आई तोंड न वाकडं करता काढते. वास गेला नाही, हाडं पडायची थांबली नाहीत. खराटाही तसाच चालत राहिला. बदललं ते एवढंच, की घाण करणारा आता परका राहिला नाही.

या बायकांना लोक ‘हरगिला सेना’ म्हणू लागले आणि बर्मन यांना ‘हरगिला बायदेउ’. बायदेउ म्हणजे ताई. आज या सेनेत दहा हजारांहून जास्त बायका आहेत. त्यांना माग आणि सूत मिळालं. मेखला-चादर या आसामी बायकांच्या पोशाखावर, गामोशावर पारंपरिक नक्षीशेजारी लांब चोचीचा हरगिला विणला जाऊ लागला, आणि ते कापड विकून घरात पैसे येऊ लागले. पैसा इथे आलाच, पण बाईच्या स्वतःच्या कसबातून आला. ज्या पक्ष्याचं तोंड बघू नये म्हणत, तो पदरावर आला.

झाडाखालची जाळी आणि प्राणिसंग्रहालय

मन वळलं तरी पिल्लं पडायची थांबत नाहीत. घरटी खूप उंचावर, काटक्यांची, आणि वादळवाऱ्याचे दिवस आले की हलणारी. एकमेकांना ढकलतानाही पिल्लं कडेला येतात. अशा पडण्यातून सुमारे १५ टक्के पिल्लं दगावतात असा अंदाज आहे. ज्या पक्ष्याची मादी एका हंगामात दोन-तीन अंडी घालते, त्याला हा तोटा परवडणारा नाही. म्हणून वसाहतीच्या झाडांखाली जाळ्या बांधल्या गेल्या. जाळीत पडलेलं किंवा जखमी झालेलं पिल्लू उचलून गुवाहाटीच्या आसाम राज्य प्राणिसंग्रहालयात न्यायचं, तिथे उपचार करायचे, काही महिने वाढवून बाहेर सोडायचं.

मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात रविवारी दुपारी अर्धा तास उभं राहून बघा. वाघाच्या खंदकापाशी तीन रांगा गर्दी, बाप पोराला खांद्यावर घेऊन उभा. तरसाच्या पिंजऱ्यापाशी लोक ‘ई, किती घाण वास’ म्हणून पाय उचलतात. करकोच्यांचा पिंजरा तर पाटीही न वाचता मागे पडतो. प्राणिसंग्रहालयाने नावडत्या प्राण्यांबद्दल लोकांचं मन बदलावं ही अपेक्षा मोठी आहे, आणि पिंजरा व पाटी एवढ्यावर ती पुरी होईल असं मला वाटत नाही. पण दादराच्या प्रकरणात प्राणिसंग्रहालयाने जे काम केलं ते कोणालाही न दिसणारं आणि अगदी गरजेचं होतं. मोडलेला पाय जोडणं, पिल्लाला मासे भरवणं, उडायला लागेपर्यंत सांभाळणं. गावातल्या बाईने उचललेलं पिल्लू पुढे कुठे न्यायचं, या प्रश्नाला उत्तर होतं म्हणून ती ते उचलायची. ते नसतं तर पिल्लू तिच्या दारात मेलं असतं, आणि दुसऱ्या खेपेला तिने कदाचित पाहूनही न पाहिल्यासारखं केलं असतं.

२०१७ मध्ये बर्मन यांनी आणखी एक प्रयोग सुरू केला. बांबूचे उंच मचाण उभारायचे आणि हरगिला त्यावर अंडी घालतो का ते बघायचं. दोनेक वर्षांनी अशा मचाणावर पहिली पिल्लं बाहेर आली.

काय साधलं

काम सुरू झालं तेव्हा या तीन गावांच्या टापूत २८ घरटी होती. पुढे ती अडीचशेच्या वर गेली, आणि ही जगातली हरगिलाची सर्वांत मोठी वीण-वसाहत ठरली. आसामातली एकूण संख्या साडेचारशेच्या आसपास होती, ती अठराशेच्या पुढे गेल्याचं सांगितलं जातं. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या लाल यादीत हरगिलाला ‘संकटग्रस्त’ गटातून ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या सौम्य गटात आणलं. बर्मन यांना निसर्गरक्षणासाठी दिला जाणारा ब्रिटनमधला २०१७ चा व्हिटली पुरस्कार, त्याच सालचा राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जाणारा नारी शक्ती पुरस्कार आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला.

तुलनेला बिहार घेऊ. भागलपूर जिल्ह्यात गंगेच्या दियाऱ्यात, म्हणजे नदीच्या गाळाने बनलेल्या सखल पट्ट्यात, कदवा नावाचा भाग आहे. २००६-०७ च्या सुमारास तिथे हरगिला वीण घालतो हे अभ्यासकांच्या ध्यानात आलं. पक्षी तोच, झाडंही त्याच जातीची, आणि घाणही तेवढीच. पण तिथे लोक त्याला ‘गरुड’ म्हणतात, आणि विष्णूच्या वाहनाशी त्याचं नातं जोडतात. त्यामुळे संरक्षणाची गोष्ट काढायला तिथे पायरी तयार होती. आसामात नावातच हाड होतं, म्हणून पायरी बांधण्यापासून सुरुवात झाली.

नाव पुरतं असंही नाही, हे आपल्याला जवळून ठाऊक आहे. जटायूची कथा घरोघरी आहे, तरी मराठीत ‘गिधाड’ ही शिवीच आहे. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला पांढऱ्या पाठीची गिधाडं नारळाच्या झाडांवर घरटी करत आली. झाड बागायतदाराचं, नारळ त्याचं उत्पन्न. म्हणजे पेच दादरासारखाच. फरक एवढा, की गिधाडं एका औषधाने मेली. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. कारण सापडल्यावर २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. हरगिलाच्या बाबतीत बंदी घालण्यासारखी एकच एक वस्तू नव्हती. गावोगावच्या अंगणांत रोज घेतला जाणारा एक निर्णय होता, आणि तो प्रत्येक घरी वेगळा बदलावा लागला.

जे अजून सुटलेलं नाही

घरट्याचा प्रश्न सुटला म्हणून पोटाचा सुटत नाही. गुवाहाटीच्या कडेला दीपोर बील हे मोठं तळं आहे. २००२ पासून ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. त्याच्या अगदी लगत, बोरागावला, वर्षानुवर्षं शहराचा कचरा पडत आला. त्या ढिगाऱ्यावर कचरा वेचणारी माणसं आणि हरगिला खांद्याला खांदा लावून वावरताना कितीतरी छायाचित्रांत दिसतात. मासे कमी झाले की पक्षी कचऱ्याकडे वळतो. तिथे खाटकाचं उरलंसुरलं मिळतं, त्यासोबत प्लास्टिक आणि विषही. कचरा तसाच टाकत राहावं असं कोणी म्हणणार नाही. पण तो हलवला किंवा बंद केला आणि तळी, बील, भातशेतीच्या कडेची डबकी जिवंत राहिली नाहीत, तर वाढलेली ही संख्या खाणार काय? डोहाळजेवण गावाच्या हातात होतं. शहराचं सांडपाणी आणि भराव गावाच्या हातात नाहीत. तिथे महापालिका आणि सरकार लागतं, आणि त्यांच्याकडून अजून फार मोठं काम व्हायचं आहे.

दुसरी काळजी यशाचीच. यादीत पक्षी सौम्य गटात गेला की निधी देणाऱ्यांचं लक्ष दुसरीकडे वळू शकतं. इथे मात्र सगळी राखण सवयीवर आणि मायेवर उभी आहे, आणि ती दर हंगामात नव्याने करावी लागते. सून नवी येते, मुलगा झाडाची किंमत विचारतो, घर वाढवायचं असतं. ज्या बायकांनी पहिल्यांदा झाडाखाली गाणी म्हटली त्या आता वयस्क होत आहेत. म्हणून सेनेतल्या बायका शाळेतल्या मुलांना हाताशी धरतात, ही मला सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

घरट्यांच्या आसपास आणि पाणथळ जागांच्या कडेने या गटाने ४५ हजारांच्या घरात रोपं लावली आहेत. त्यातलं एखादं रोप हरगिलाचं घरटं पेलण्याएवढं उंच आणि जाड व्हायला बरीच वर्षं जातील. तोवर दादरा-पचरियातल्या जुन्या कदंबांना पर्याय नाही, आणि ते अजूनही कोणाच्या ना कोणाच्या परसातच उभे आहेत.